मनाचा आजार, रिकामा खिसा आणि नागपूरची वाट

रोवणीचे दिवस आहेत. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. घरातला कर्ता मुलगा चार रात्री झोपलेला नाही. एकटाच बडबडतो, जेवणाचे ताट फेकून देतो, शेजाऱ्याने विहिरीत विष टाकले म्हणतो. आज त्याने कुऱ्हाड उचलली. माय दारात बसून रडते आहे, बाप चावडीकडे धावत सुटला आहे. दहा माणसे जमतात आणि दहा सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, बाहेरचे लागले आहे, मांत्रिकाकडे न्या. कोणी म्हणतो, दोर आणा, खाटेला बांधा, सकाळी पाहू. एखादा शिकलेला म्हणतो, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पण गाठीला पैसा ठेवा. शेवटी एक म्हातारा विचारतो, "विमा-गिमा काही हाये का बाप्पा?"

विमा नसतोच. मग रात्र तशीच जाते. सकाळी दोर आणला जातो किंवा सावकाराचे दार वाजवले जाते.

हा प्रसंग कोणा एका घरचा नाही. महामार्गावरचे आपले शहापूर, ठाणा, जवाहरनगर असो, की पवनी-लाखांदूरकडचे आत शिरलेले गाव असो, थोड्याफार फरकाने असेच घडते. साप चावला, बैलाने मारले, बाळंतपण अडले, तर काय करायचे हे गावाला ठाऊक असते. माणसाचे मन बिघडले की गाव गोंधळते. त्या गोंधळात सर्वांत मोठी चूक होते ती ही की, विमा नाही म्हणजे दवाखाना नाही असे धरून चालतात. हे खरे नाही. सरकारी खाटेला विमा लागत नाही. माणूस अडतो तो खाटेपाशी नाही, खाटेपर्यंतच्या वाटेवर अडतो. म्हणून ही वाट नीट समजून घेतली पाहिजे.

कायद्याने काय दिले?

संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि २०१८ पासून तो लागू झाला. त्याआधी १९८७ चा कायदा होता, त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळातला १९१२ चा 'लुनसी' कायदा. त्या जुन्या कायद्यांत भर होता तो रुग्णाला कोणाच्या हुकमाने आत ठेवायचे यावर. नव्या कायद्याने प्रश्न उलटा केला. उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आणि तो उपचार पुरवणे ही सरकारची जबाबदारी, असे त्याच्या कलम १८ ने सांगितले.

याच कलमात गरिबाच्या कामाची गोष्ट आहे. दारिद्र्यरेषेखालील मनोरुग्णाला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत एक पैसाही न घेता उपचार मिळाला पाहिजे, मग त्याच्याजवळ दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. कार्ड 'असो वा नसो' हे शब्द कायद्यातलेच आहेत. निराधार आणि बेघर माणसालाही तोच हक्क आहे. यादीत नाव राहून गेले म्हणून दारातून परत फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट आपल्या राज्याची. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार सर्वांसाठी मोफत केले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सारे त्यात येतात. केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने मात्र दुसऱ्या खात्याकडे आहेत. नागपूरच्या मेडिकलमध्ये फी मागितली तर गोंधळून जाऊ नका. गरीब मनोरुग्णाला कलम १८ तिथेही लागू आहे, हे सांगा.

विम्याचेही थोडे सांगतो. ज्यांनी आरोग्य विमा काढला आहे, त्यांच्या विमा कंपनीने शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण दिले पाहिजे, असे याच कायद्याचे कलम २१ म्हणते. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवलेही आहे. ज्यांच्याकडे खासगी विमा नाही त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा मिळाली. पण ही योजना ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्या दवाखान्यांनाच लागू होते. म्हणून भरती करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. तो 'नाही' म्हणाला तरी सरकारी मनोरुग्णालयाचे दार बंद होत नाही. तिथे योजनेच्या कार्डावर काही अवलंबून नाही.

पहिल्या रात्री काय करावे?

अडचणीची वेळ रात्रीचीच असते. तेव्हा क्रमाने पाहू.

पहिले, १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत. 'पेशंट वेडा आहे, आम्ही नेत नाही' असे कोणी म्हणाले तर ते कायद्याला धरून नाही. शरीराच्या रुग्णाला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच आणि त्याच दर्जाची मनाच्या रुग्णाला मिळाली पाहिजे, असे कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. अंगावर धावून येणारा रुग्ण असेल तर ११२ वर पोलिसांनाही कळवावे.

दुसरे, रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मनाचा डॉक्टर तिथे नसेल, पण त्याची वाट पाहायची गरज नाही. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो, असे कलम ९४ म्हणते. घरचा माणूस हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. हा उपचार ७२ तासांपर्यंत चालू शकतो आणि रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत पोहोचवणे हा त्याचाच भाग धरला आहे. म्हणजे केंद्रातल्या डॉक्टरने रुग्णाला शांत करणारे औषध द्यावे, चिठ्ठी लिहावी आणि गाडी करून पुढे पाठवावे. 'हा आमचा पेशंट नाही' हे उत्तर चालत नाही.

तिसरे, फवारणीचे औषध प्यालेल्या माणसाविषयी. आपल्या भागात ही सर्वांत दुःखाची आणि सर्वांत घाईची वेळ असते. तरीही घरचे लोक पोलीस केस होईल या भीतीने तास-दोन तास घालवतात, घरगुती उतारे देत बसतात. त्या दोन तासांत माणूस जातो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, असे कलम ११५ सांगते. जुन्या दंडविधानातले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलेच नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब घेतील, एवढेच. दवाखाना आधी, बाकी सारे नंतर. आणि जीव वाचला म्हणून तसेच घरी आणू नका. मनाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तो उपचार पुरा होत नाही.

चौथे, काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही 'टेलिमानस' सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. रुग्णानेच बोलायला पाहिजे असे नाही. घरच्या माणसाने फोन केला तरी चालते.

नागपूरला गेल्यावर

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि भंडारा त्या प्रांतातला जिल्हा. राज्ये बदलली, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, पण मनाच्या रुग्णाची वाट दीडशे वर्षांहून अधिक काळ तीच राहिली आहे. राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. त्यांतले नागपूरचे ९४० खाटांचे, आणि त्यावर सारा विदर्भ विसंबून आहे. २०११ च्या जनगणनेत विदर्भाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख होती. म्हणजे साधारण साडेचोवीस हजार माणसांमागे एक खाट. बारा लाखांच्या भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला या हिशेबाने येतात अवघ्या ४९ खाटा.

तिथे भरती होण्याच्या मुख्य दोन रीती आहेत. रुग्ण स्वतः समजून-उमजून तयार असेल तर त्याच्या सहीवर भरती होते. तो समजण्याच्या स्थितीत नसेल, जिवाला धोका असेल, तर घरच्या माणसाच्या, म्हणजे त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर कलम ८९ खाली भरती होते. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, असे दोघे त्याला वेगवेगळे तपासतात. ही भरती ३० दिवसांपर्यंत. त्यापुढे ठेवायचे तर पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. घरच्या माणसाने स्वतः आणलेल्या रुग्णासाठी आधी कोर्टाचा हुकूम लागतो, ही जुन्या काळची समजूत आता सोडून द्यावी. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. सर्वांत महत्त्वाचा तो माणूस, ज्याला आजार कधी आणि कसा सुरू झाला हे नीट सांगता येते. भावकीतले पाच जण नेऊन उपयोग नाही, रुग्णाजवळ रोज राहणारा एकच न्यावा.

आणि प्रत्येकाला भरती लागतेच असेही नाही. पुष्कळ रुग्ण बाह्यरुग्ण विभागात दाखवून, घरी राहून, वेळेवर गोळ्या घेऊन बरे राहतात. भरती ही संकट टळेपर्यंतची गोष्ट आहे. बरे झालेल्या माणसाला घरच्यांनी परत नेले नाही, पत्ता चुकीचा दिला, असे प्रकार मनोरुग्णालयांना नवे नाहीत. घर नको म्हणते एवढ्या कारणाने कोणाला दवाखान्यात ठेवून घेता येत नाही, हेही कायद्यात आहे. पण कायद्याआधी आपल्या मनाला विचारा. बैल आजारी पडला तर आपण गोठ्यातून हाकलतो का?

खाट फुकट, वाट महाग

आता खरा हिशेब मांडू. खाट फुकट, औषध फुकट, जेवण दवाखान्याचे. मग गरीब घर कर्जात कसे जाते?

जाते ते असे. रुग्णासोबत एक माणूस गेला की घरातली दोन मजुरी बुडते. रोवणीत किंवा धान कापणीत ती बुडाली तर सालभराचा हिशेब बिघडतो. परतीच्या गाडीचे भाडे. नातेवाइकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च. सुट्टी झाल्यावर महिन्याच्या महिन्याला गोळ्यांसाठी पुन्हा नागपूर, पुन्हा दोघांचे तिकीट, पुन्हा दोन मजुऱ्या. दोन-तीन महिन्यांनी माणूस बरा दिसू लागतो. मग घरचे म्हणतात, 'आता कायले जायचं?' गोळ्या बंद होतात. काही महिन्यांत आजार उलटतो आणि तीच रात्र परत येते. दुसऱ्या वेळी मात्र लोक सरकारी वाट सोडतात, शेत गहाण ठेवतात आणि खासगीत जातात. आजाराने नव्हे, अर्धवट उपचाराने घर बुडते.

यावर उपाय कायद्यातच आहे. मनोरुग्णाला लागणारी आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असे कलम १८ मध्ये आहे. म्हणजे तुमसर, साकोली, मोहाडी, लाखनी, पवनी, लाखांदूरच्या माणसाला नुसत्या गोळ्यांसाठी नागपूरला जावे लागू नये. शहापूरच्या माणसाला तर भंडारा हाकेच्या अंतरावर आहे. नागपूरहून सुट्टी घेतानाच डॉक्टरांना विनंती करा की पुढच्या औषधांची चिठ्ठी जिल्हा रुग्णालयाच्या नावाने द्यावी. औषध नाही म्हणाले तर तसे लिहून मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या. तोंडी तक्रारीला सरकारी कचेरीत वजन नसते, कागदाला असते. वकील लागलाच तर मनोरुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

आजार लांबला तर दिव्यांग प्रमाणपत्राचाही विचार करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत मानसिक आजार आहे. प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. हा निधी बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने संपवला जातो. त्यातून गावातल्या अशा रुग्णांच्या येण्या-जाण्याचा भार उचलता येईल का, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायत समितीत विचारून घ्यावे.

दोर, साखळी आणि मांत्रिक

तामिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांसाठी खासगी आश्रम निघाले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जणांचा जीव गेला. घरच्यांनी त्यांना मारायला नव्हे, बरे व्हायला तिथे ठेवले होते. गाव लांबचे असले तरी साखळी आपल्याकडेही तीच आहे. गोठ्यात बांधलेला माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे.

मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने साखळीने बांधणे कलम ९५ ने बंद केले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवावर श्रद्धा असावी, त्याला कोणाची हरकत नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी चुकवू नका आणि दोर आणू नका.

पोलीस पाटलांनी इथे आपले काम ओळखावे. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेता न येणारा मनोरुग्ण दिसला तर ठाणेदाराने त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे कलम १०० आहे. घरात कोणी मनोरुग्णाला छळत असेल किंवा उपाशी टाकत असेल, तर ठाणेदाराने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे आहे. पण ठाणेदाराला गावातले कसे कळणार? ते पोलीस पाटील आणि आशा ताईच सांगू शकतात. महामार्गाच्या गावांना तर हे रोजचेच आहे. कुठून कुठून ट्रकने आलेली भटकी माणसे रस्त्याकडेला दिसतात आणि आपण त्यांना हॉटेलचे उरलेले अन्न देऊन मोकळे होतो.

जिल्ह्याकडे मागायचे ते हे

गावाने आपले करावे, पण सारा भार गावावर टाकून शासनाला सुटता येणार नाही. देशात १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर न्यायला सुरुवात झाली. त्यात जिल्हा रुग्णालयात मनोरुग्णांसाठी १० खाटांची सोय धरलेली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की, आजार कोणता यानुसार १०० पैकी ७० ते ९२ रुग्णांना उपचारच मिळत नाही. २०१५ साली राज्याने शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला, तो मराठवाड्याच्या ८ आणि पश्चिम विदर्भासह वर्ध्याच्या मिळून १४ जिल्ह्यांसाठी. भंडारा त्यात नव्हता. कापसाच्या शेतकऱ्याला दुःख होते आणि धानाच्या शेतकऱ्याला होत नाही, असे थोडेच आहे?

आता भंडाऱ्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. म्हणून आपली मागणी नेमकी असावी. एक, भंडाऱ्यात मनोरुग्णांच्या खाटा रात्रीही भरतीसाठी खुल्या असाव्यात. दोन, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या तालुक्याला कोणत्या दिवशी येणार, याचा फलक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयावर असावा. तीन, गोळ्यांचा साठा तालुक्याला असावा. जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेतील उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असेही कलम १८ म्हणते. तो खर्च मागायचा कोणाकडे, कोणत्या अर्जाने, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी जाहीर करावे.

येत्या ग्रामसभेत घरकुल आणि नाल्यांच्या विषयांनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या. १०८, ११२ आणि १४४१६ हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. गावात रात्री-बेरात्री निघेल अशी गाडी कोणाची, रुग्णासोबत जाणारी दोन माणसे कोण, हे आधीच ठरवून ठेवा. पूर आला तर काय करायचे हे वैनगंगेच्या काठची गावे पावसाळ्याआधीच ठरवतात. हेही तसेच ठरवून ठेवायचे काम आहे.